पुराचे पाणी आणि मोटारीची घाई

मोटार बंद पडणे ही दैनिकाच्या पहिल्या पानावर चर्चा करण्याजोगी गोष्ट आहे काय, असे आमच्या काही वाचकांस वाटेल. एखाद्या गृहस्थाने आपली गाडी नाल्याच्या पाण्यात घातली, तिचे इंजिन निकामी झाले आणि दुरुस्तीपायी त्याला मोठा भुर्दंड पडला, तर तो त्याचा खाजगी तोटा होय. त्यात इतरांनी लक्ष का घालावे? वरवर पाहता हा आक्षेप रास्त आहे. परंतु पुराच्या पाण्यात बंद पडलेली गाडी आणि पुराच्या पाण्यात माणसांसह वाहून गेलेली गाडी ह्या दोन घटनांमधील अंतर वीतभर पाण्याचे आणि दोनचार मिनिटांचेच असते. पहिली घटना घडली म्हणजे आपण हळहळतो, दुसरी घडली म्हणजे शोक करतो. दोहोंच्या मुळाशी असलेला अविचार मात्र दर पावसाळ्यात नव्याने पाण्यात उतरतो. म्हणून ह्या विषयाकडे गॅरेजातील एक तक्रार म्हणून न पाहता सार्वजनिक प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे, असे आमचे मत आहे.

ह्या विचारासाठी आम्ही वाशिम जिल्हा डोळ्यांसमोर ठेवतो, त्यास कारण आहे. एके काळी वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची राजधानी असलेले हे नगर १ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. नागपूर, अमरावती, अकोला, पुणे आणि मुंबई येथे नोकरीधंद्यासाठी राहिलेल्या कितीतरी कुटुंबांची घरे, शेते आणि सोयरीकसंबंध ह्या तालुक्यांत आहेत. कारंज्यास नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या आणि पोहरादेवीला सेवालाल महाराजांच्या दर्शनास लोक दुरून येतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून हे येणेजाणे आणखी सुकर झाले. ताशी १२० किलोमीटरच्या वेगाने तासन् तास धावलेली मोटार महामार्ग सोडून तालुक्याच्या रस्त्याला लागते आणि थोड्याच वेळात एखाद्या नाल्यावरील फरशी पुलापाशी येऊन उभी राहते. पुलावरून गढूळ पाणी वाहत असते. वेगाची सवय झालेला पाय आणि घराच्या ओढीने अधीर झालेले मन ह्यांना तेथे थांबणे अपमानास्पद वाटते. खरी परीक्षा ह्या क्षणी असते.

ही परीक्षा पाहणारी भूमी कशी आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे. वाशिम जिल्हा हा नद्या जेथे जन्मतात असा पठारी प्रदेश आहे. काटेपूर्णा येथून निघून उत्तरेस पूर्णेला व पूर्णेमार्गे तापीला जाऊन मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस ह्या नद्या पैनगंगेकडे वळतात आणि त्यांचे पाणी शेवटी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस काही पश्चिम समुद्रास जातो, तर काही पूर्व समुद्रास. पाणलोटाच्या माथ्यावरील नद्यांचा स्वभाव मुखाजवळच्या नद्यांहून वेगळा असतो. खाली काळा बेसाल्ट खडक, त्यावर काळी चिकण जमीन. ही जमीन पावसाने एकदा फुगली म्हणजे तिच्या भेगा मिटतात आणि पाणी आत मुरण्याऐवजी वरून धावू लागते. त्यामुळे येथील नाले घटकेत भरतात. कित्येकदा वर, दूरच्या शिवारात पाऊस झालेला असतो आणि पुलाशी आकाश निरभ्र असूनही पाण्याचा लोट येतो. परंतु हाच स्वभाव प्रवाशास अनुकूलही आहे. मोठ्या नदीचा महापूर दिवस दिवस हटत नाही. माथ्यावरचा नाला जसा झपाट्याने चढतो, तसा पाऊस थांबताच बहुधा काही तासांत उतरतोही. ज्या पाण्यासाठी माणसे जीव आणि गाडी पणास लावतात, ते पाणी पुष्कळदा संध्याकाळपर्यंत आपण होऊन वाट देणार असते.

आता गाडीकडे वळू. ‘इंजिनात पाणी गेले’ हे शब्द आपण सर्रास वापरतो, परंतु पाणी गेल्याने नेमके काय होते ह्याची कल्पना फार थोड्यांस असते. निकोलाउस ओटो ह्याने १८७६ साली जे चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, त्याचेच तत्त्व आजही पेट्रोल मोटारीत चालते. दट्ट्या खाली येताना हवा आत ओढली जाते. वर जाताना ती दाबली जाते. दाबलेल्या मिश्रणात ठिणगी पडून स्फोट होतो आणि दट्ट्या खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळलेला वायू बाहेर जातो. डिझेल इंजिनात ठिणगीचे काम अतिशय दाबल्याने तापलेली हवाच करते. ह्या साऱ्या खेळाचा आधार एकच आहे, तो म्हणजे हवा दाबली जाते. पाणी तसे दाबले जात नाही. वातावरणाच्या शंभरपट दाब दिला तरी पाण्याचे आकारमान जेमतेम अर्ध्या टक्क्याने कमी होते.

थोडे गणित मांडले तर धोका किती जवळचा आहे हे ध्यानात येईल. १२०० घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे, सामान्य कुटुंबाच्या मोटारीत असते तसे पेट्रोल इंजिन घ्या. त्याच्या प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याला ३०० घन सेंटिमीटर येतात. दाबाचे प्रमाण दहास एक असे धरले, तर दट्ट्या वरच्या टोकास पोचतो तेव्हा त्याच्या डोक्यावर उरणारी जागा सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरते. औषधाच्या बाटलीच्या दोनतीन टोपणांत मावेल एवढी ही जागा! तेवढ्यापेक्षा अधिक पाणी एका सिलिंडरात शिरले की दट्ट्याला वर जाण्यास मार्गच उरत नाही. डिझेल इंजिनात हवा अधिक दाबायची असल्याने ही मोकळी जागा त्याहूनही थोडी असते. १५०० घन सेंटिमीटरच्या इंजिनात प्रमाण सोळास एक धरल्यास ती अवघी २५ घन सेंटिमीटर येते. दट्ट्या अडतो, पण फिरत्या चाकांचा आणि धावत्या यंत्राचा जोर थांबत नाही. तो सारा जोर दट्ट्याला भुजादंडाशी जोडणाऱ्या पोलादी रॉडवर येतो आणि तो रॉड वाकतो. आमचे मिस्त्री ह्यालाच ‘इंजिन लॉक झाले’ असे म्हणतात. कधी रॉड मोडून इंजिनाच्या भिंतीला भोक पाडतो. कधी तो किंचित वाकतो. गाडी त्या दिवशी चालू होते, मालक नि:श्वास सोडतो, आणि काही दिवसांनी भर रस्त्यात तोच रॉड दगा देतो.

हे पाणी आत जाते कोठून? पुष्कळांची समजूत अशी की, ते धुराच्या नळीतून शिरते. म्हणून पाण्यात इंजिन गुरगुरत ठेवले, की आपण सुरक्षित झालो. मागील नळीतून पाणी शिरू नये म्हणून इंजिन चालू ठेवणे उपयोगी असते हे खरे. परंतु खरा धोका पुढे असतो. हवा ओढून घेणाऱ्या नळीचे तोंड बहुतेक मोटारींत पुढच्या जाळीमागे, बॉनेटच्या खाली असते. दोन हजार फेऱ्यांवर पूर्ण जोराने चाललेले १२०० घन सेंटिमीटरचे इंजिन मिनिटाला बाराशे लिटरांच्या आसपास हवा ओढू शकते. अशा ओढीच्या तोंडाशी पाण्याची एक लाट पोचली तरी ती हवेऐवजी आत खेचली जाते. रस्त्यावरील पाणी गुडघ्याखाली असते, म्हणून चालक निर्धास्त असतो. पण वेगाने जाणारी मोटार स्वत:च पुढे लाट उभारते, आणि समोरून एखादी मालमोटार गेली तर तिची लाट थेट बॉनेटवर चढते. पाण्याची खोली मोजणाऱ्याने लाटेची उंची मोजलेली नसते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पाण्यात गाडी बंद पडली म्हणजे दहांपैकी नऊ माणसे जे करतात, तेच करू नये. ती पुन्हा किल्ली फिरवतात, ‘सेल्फ’ मारतात. मंद गतीने जाताना इंजिन बंद पडले असेल, तर रॉड शाबूत राहिलेला असण्याचा पुष्कळ संभव असतो. सिलिंडरात पाणी असते, पण यंत्र अजून मोडलेले नसते. अशा वेळी सेल्फ मारला, दुसऱ्या एखाद्या कोरड्या सिलिंडरात स्फोट झाला, की त्याचा सर्व तडाखा पाण्याने भरलेल्या सिलिंडरातील दट्ट्यावर बसतो. पाण्याने जे केले नव्हते ते किल्ली करते. गियरमध्ये ठेवून गाडीला धक्का मारणे हाही त्याच अनर्थाचा दुसरा मार्ग होय, कारण चाके फिरली की इंजिन फिरते. मदतीस धावलेले गावकरी हे पुण्यबुद्धीने करतात. त्यांना थांबविणे हे मालकाचे काम आहे.

योग्य मार्ग कंटाळवाणा आहे, परंतु स्वस्त आहे. प्रवाहास जोर नसेल तर गाडी न्यूट्रलमध्ये घालून हातांनी ढकलत कोरड्या जागी आणावी. बॅटरीची तार सोडवावी. एअर फिल्टर उघडून पाहावा. तो ओला असेल तर पाणी आत गेले असे समजून इंजिनास हात लावू नये. जाणत्या मिस्त्रीकडे गाडी ओढून न्यावी, आणि ती ऑटोमॅटिक असेल तर उचलून न्यावी. मिस्त्री पेट्रोल गाडीचे सर्व प्लग काढील, डिझेलचे इंजेक्टर काढील आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवील. अडकलेले पाणी त्या भोकांतून बाहेर उडेल. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाच्या चहासारखे दिसू लागले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे हे उघड होय. ते ऑइल आणि त्याचा फिल्टर बदलल्यावाचून इंजिन चालू करता कामा नये. एवढे केल्याने पुष्कळ इंजिने वाचतात. फरक असतो तो केवळ एका क्षणाच्या संयमाचा.

तथापि इंजिन हा लोखंडाचा प्रश्न आहे. त्याहून मोठा प्रश्न जिवाचा आहे. साचलेल्या पाण्यात बंद पडलेल्या मोटारीत माणूस ओला होतो; वाहत्या पाण्यात बंद पडलेल्या मोटारीत तो बुडतो. मोटार जड असते, ती कशी वाहील, अशी भ्रामक खात्री पुष्कळांस असते. परंतु आर्किमिडीजचा नियम मोटारीस माफ करीत नाही. सुमारे टनभर वजनाच्या लहान मोटारीचा तळ पाच-सहा चौरस मीटरांचा असतो. पाणी तळाला टेकल्यानंतर दर दहा सेंटिमीटरांमागे ते अर्ध्या टनाहून अधिक भार उचलू पाहते. म्हणजे तळाच्या वर वीतभर पाणी चढले, की आत पाणी शिरेपर्यंत तरी मोटार ही होडी होते, आणि तीही वल्ह्याविना व सुकाणूविना. चाकांची रस्त्यावरील पकड सुटते आणि प्रवाहाचा रेटा तिला पुलाच्या कडेला नेतो. फरशी पुलाला पुष्कळदा कठडे नसतात. असले तरी ते अशा वेळी पाण्याखाली असतात. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा आपल्या नागरिकांस सांगते की, सहा इंच वेगवान पाणी धडधाकट माणसास पाडू शकते, एक फूट पाणी बहुतेक लहान मोटारी वाहून नेऊ शकते, आणि दोन फूट पाण्यापुढे मोठी वाहनेही टिकत नाहीत. तेथील मोटारी आपल्याहून हलक्या नाहीत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

उदाहरणांसाठी आपल्याला विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी, गुलाब चक्रीवादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी विदर्भ-मराठवाड्यास झोडपले असता, वाशिमला लागूनच असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर, पुलावरून पाणी वाहत असताना नांदेडहून नागपूरकडे निघालेली एस.टी. बस वाहून गेली आणि माणसे दगावली. जी बस मोटारीच्या कितीतरी पट जड व उंच, तिची ही गत झाली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै २०२२ रोजी, नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यात मध्य प्रदेशातून आलेल्या प्रवाशांची एक दणकट मोटार पूर आलेल्या पुलावरून जाताना वाहून गेली. काठावरच्या लोकांना पाहत राहण्यावाचून काही करता आले नाही. ह्या दोन्ही ठिकाणी पाणी अदृश्य नव्हते. ते सर्वांना दिसत होते. दिसत नव्हता तो पाण्याखालचा रस्ता, आणि तो शाबूत आहे की खचला आहे हे.

शहरवासीयांनी हा खेड्यातील प्रश्न समजू नये. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा काही माणसे आपल्या मोटारीतच अडकून मृत्युमुखी पडली. दारांवर पाण्याचा रेटा असतो. एक मीटर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी असेल तर तो रेटा सव्वाशे किलो वजनाइतका भरतो. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलुपे ऐन वेळी दगा देऊ शकतात. म्हणून पाणी चढू लागताच काचा खाली घेणे, पट्टे सोडणे आणि गाडीचा मोह टाकून वेळीच बाहेर पडून उंच जागा गाठणे हाच शहाणपणा होय. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांखाली उभ्या केलेल्या मोटारी पाण्यात गेल्या. त्या गाड्या कोणी पाण्यात घातल्या नव्हत्या. पाणीच त्यांच्याकडे आले होते. तेथेही वरचाच नियम लागू पडतो: पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ ह्या कुतूहलाने किल्ली फिरविणारा, वाचू शकणारे इंजिन गमावून बसतो.

हानी झाल्यावर मनुष्य विम्याकडे वळतो, आणि तेथे त्याला दुसरा धक्का बसतो. कायद्याने सक्तीचा असलेला विमा हा तिऱ्हाइताच्या हानीसाठी असतो; आपल्या गाडीस त्याचा काडीचाही उपयोग नाही. सर्वसमावेशक विम्यात पूर व जलप्रलय ह्यांपासून होणारी हानी समाविष्ट असते, हे वाचून गृहस्थ निश्चिंत होतो. परंतु त्याच कराराच्या पुढील कलमांत ‘परिणामी हानी’ आणि ‘यांत्रिक बिघाड’ वगळलेले असतात. विमा कंपनी म्हणते, आसने भिजली, तारा खराब झाल्या, ती पुराची हानी. इंजिनात पाणी ओढले जाऊन रॉड वाकला, हा मात्र पुराचा परिणाम! इंजिनासाठी वेगळा हप्ता भरून जोड-संरक्षण घ्यावे लागते. ते बहुधा नव्या गाड्यांनाच मिळते आणि त्यासही अटी असतात. पाण्यात गाडी बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला होता काय, हा प्रश्न सर्वेक्षक विचारल्यावाचून राहत नाही.

कंपन्यांनी धंदा करू नये असे आम्ही म्हणत नाही. परंतु मराठी ग्राहकास इंग्रजी भाषेतील बारीक अक्षरांचा करार हाती देऊन, तो समजला असे गृहीत धरणे हा सरळ व्यवहार नव्हे. पुराने इंजिन गेले तर भरपाई मिळेल की नाही, एवढे एक वाक्य, होय किंवा नाही अशा स्पष्ट शब्दांत, ग्राहकाच्या भाषेत, कराराच्या पहिल्या पानावर छापण्याची सक्ती विमा नियामक प्राधिकरणाने का करू नये? दरम्यान आमच्या वाचकांनी पावसाळ्यापूर्वीच आपला विमापत्राचा कागद काढून हे कलम वाचावे आणि गाडी बुडाल्यास ती चालू न करता आहे त्या स्थितीत छायाचित्रे घेऊन कंपनीस कळवावे.

शासनाच्या जबाबदारीकडेही डोळेझाक करता येणार नाही. ‘पूर असता पूल ओलांडू नका’ असे सांगणे सोपे आहे. पण ज्या गावाला बाहेर पडण्यास दुसरी वाटच नाही, त्याने किती तास आणि किती वेळा थांबावे? पैसा थोडा आणि नाले फार, म्हणून कमी उंचीचे, पुरात काही काळ पाण्याखाली जातील असे पूल बांधण्याचा प्रघात पडला. १९४३ साली ह्याच नागपुरात देशाच्या रस्त्यांची जी योजना आखली गेली, तीत राष्ट्रीय मार्गांपासून गावरस्त्यांपर्यंत पायऱ्या ठरल्या. खालच्या पायरीवरील रस्त्याच्या वाट्याला खर्चही त्याच मानाने यावा, हे त्या काळी समजण्याजोगे होते. तेव्हा त्या रस्त्यांवरून बैलगाडी जात असे, आणि बैल पुराच्या पाण्यात पाय घालण्यास नकार देत असे. आज त्याच पुलांवरून शाळेची गाडी, बाळंतिणीस घेऊन निघालेली रुग्णवाहिका आणि सोयाबीनची पोती भरलेली मालमोटार जाते. एका जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जावा आणि त्याच जिल्ह्यातील गावे एका जोराच्या पावसाने एकमेकांपासून तुटावी, ही विसंगती फार काळ चालू देणे शासनास शोभणारे नाही.

सारे पूल एका वर्षात उंच होणार नाहीत, हे आम्हांस कळते. परंतु जे थोड्या खर्चात होण्यासारखे आहे तेही का होऊ नये? प्रत्येक बुडणाऱ्या पुलाच्या दोन्ही टोकांस ठळक आकड्यांचा पाणीपातळीचा खांब असावा. त्यावर तांबडी रेघ असावी आणि त्या रेघेचा अर्थ गावच्या पोरासही ठाऊक असावा. पुलाच्या कडा दाखविणारे उंच खांब असावेत. रेल्वे फाटकास असतो तसा साधा आडवा दांडा असावा आणि तो पाडण्याचा अधिकार व मोबदला जवळच्या गावातील विश्वासू माणसास द्यावा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत आणि धोक्याच्या जागी वाहतूक रोखण्याचा अधिकार त्या प्राधिकरणास आहे. तो अधिकार फाटकावरच्या माणसापर्यंत पोचला, तरच त्याचा उपयोग. महामार्ग सोडण्याच्या ठिकाणीच पुढचा पूल बंद असल्याचे कळले, तर प्रवासी तेथेच थांबेल. नाल्याच्या काठावर पोचलेल्या माणसास थांबविणे दसपट कठीण असते.

जाहिरातींविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. दणकट मोटारींच्या जाहिरातींत पाण्याचे फवारे उडवीत नदी ओलांडणारी गाडी हमखास दिसते. काही गाड्या खरोखरच अधिक खोल पाण्यासाठी बनविलेल्या असतात. महिंद्राच्या थारसाठी ६५० मिलिमीटर खोलीची मर्यादा सांगितली जाते, तर लँड रोव्हरच्या डिफेंडरसाठी ९०० मिलिमीटरची. परंतु ही मर्यादा संथ पाण्यासाठी, सावकाश चालविण्यासाठी आणि तळ ठाऊक असलेल्या जागेसाठी असते. पूर आलेल्या नाल्यासाठी नव्हे. विजेच्या मोटारीस हवा ओढणारे इंजिनच नसल्याने तिला हा विशिष्ट रोग होत नाही, आणि तिच्या बॅटरीची पेटी पुष्कळदा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी बंदिस्त केलेली असते. म्हणून ती पुरात घालावी असे मात्र कोणी समजू नये. प्रवाहात तरंगून वाहून जाण्याच्या बाबतीत पेट्रोल, डिझेल आणि वीज असा भेद पाणी करीत नाही.

सरतेशेवटी एक गोष्ट आमच्या सुशिक्षित वाचकांस स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पुष्कळदा गाडी पाण्यात घालणारा पाय चालकाचा असतो, पण निर्णय मागच्या आसनावर झालेला असतो. ‘समोरची गाडी गेली ना? मग आपलीही जाईल,’ असे मालक म्हणतो. मुहूर्त टळत असतो, कचेरीची वेळ झालेली असते, घरी पाहुणे खोळंबलेले असतात. पगारी चालकास पाण्याची भीती वाटत असते, परंतु नोकरीची भीती त्याहून मोठी असते. तो किल्ली फिरवतो. इंजिन गेले तर ठपका त्याच्यावर आणि जीव गेला तर त्याचाही जीव. हा अन्याय आहे. ज्याच्या हाती सुकाणू आहे त्याने ‘येथे थांबावे’ असे म्हटले, तर ते वाक्य अंतिम मानण्याचा सभ्यपणा प्रत्येक मालकाने आणि प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या मंडळींनी अंगी बाणवला पाहिजे. जो चालक थांबला त्याला बोल लावू नये. त्याने वाचविलेल्या गोष्टींची यादी कधीच दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

नाल्याकाठी दोन तास बसून राहण्यात पुरुषार्थ नाही असे ज्यांस वाटते, त्यांनी त्या काठावर आधीपासून बसलेल्या शेतकऱ्याकडे पाहावे. त्याला ह्या नाल्याची खोली, जोर आणि लहर पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो पाणी उतरण्याची वाट पाहतो. त्याच्याजवळ जाऊन बसावे, नाल्याची खबर विचारावी, आणि घरी दूरध्वनी करून सांगावे की, आज यायला उशीर होईल.